एकच डोळा लाल असेल तर...

२०२३चा जुलै-ऑगस्ट आठवतोय का मंडळी? आळंदीत शाळेतल्या मुलांचे डोळे यायला लागले आणि बघता बघता साथ अख्ख्या राज्यात पसरली. लोकलच्या डब्यात निम्मे लोक काळे चष्मे लावून, हापिसात कोणाच्या डोळ्यात बघून बोलायची सोय नाही, आणि 'डोळे आलेत, घरून काम करतो' अशा मेल्सचा पाऊस. सरकारी आकडाच काही लाखांत गेला होता. बहुतेकांचे डोळे आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरे झाले आणि आपण सगळे ते विसरूनही गेलो.

पण त्या साथीनं आपल्या डोक्यात एक समीकरण पक्कं करून ठेवलं. डोळा लाल म्हणजे डोळे आले. डोळे आले म्हणजे कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून थेंब आणायचे. थेंब टाकले की बरं वाटतं. संपलं. आजचा हा शनिवारचा लेख त्या समीकरणाच्या विरोधात आहे. डॉक्टर मी नाही, साधा कोड लिहिणारा माणूस आहे. पण घर डहाणूला, मित्रमंडळी तलासरीकडची, त्यामुळे ह्या समीकरणाची किंमत काय पडते ते जवळून बघितलंय. आणि एकदा बघितल्यावर जे मिळेल ते वाचून काढायची आपल्या जातीची खोड आहेच.

तर सुरुवात ओठापासून करू. ताप येऊन गेला किंवा उन्हातान्हात हिंडून आलं की ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोड येतात, मग खपली धरते, आठ-दहा दिवसांत जाते. 'ताप ओठावर फुटला' म्हणून आजी तूप लावायची. हे ज्याच्यामुळे होतं तो विषाणू म्हणजे हर्पीज सिम्प्लेक्स, टाइप १. नाव ऐकून दचकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या पन्नाशीच्या आतल्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या अंगात तो आहे, म्हणजे शंभरातल्या साधारण ६४ जणांच्या. तुमच्या टीममध्ये दहा माणसं असतील तर सहाजणांकडे असायला हरकत नाही. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, घरातल्या कोणाच्या तरी पापीतून किंवा उष्ट्या पेल्यातून. त्यात लाजायचं काही नाही.

आणि आपल्याकडे जिला नागीण म्हणतात ती ही नव्हे. नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा प्रताप, ह्याचा चुलतभाऊ. गंमत अशी की 'हर्पीज' हा मूळ ग्रीक शब्दही सरपटण्यावरूनच आलाय. ग्रीक माणसाला आणि आपल्या पणजीला एकच गोष्ट सुचली.

आता ह्या विषाणूची खरी करामत. ओठावरची खपली पडली म्हणजे तो गेला असं नाही. तो नसेच्या वाटेनं आत सरकतो आणि कवटीच्या आत ट्रायजेमिनल नावाच्या नसेची जी गाठ आहे तिथे जाऊन झोपतो. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकग्राउंडला पडून राहिलेली प्रोसेस. सीपीयू शून्य, मेमरी नगण्य, कुठल्या मॉनिटरवर दिसत नाही, आणि मारताही येत नाही. आजवरचं कुठलंही औषध त्या गाठीत झोपलेल्या विषाणूला हुसकावू शकलेलं नाही.

त्या गाठीतून चेहऱ्याकडे तीन फांद्या फुटतात. एक खालच्या जबड्याकडे, एक गाल आणि वरच्या ओठाकडे, आणि तिसरी कपाळाकडे आणि डोळ्याकडे. विषाणू जागा झाला की कुठल्या फांदीनं खाली उतरेल ह्याचा भरवसा नाही. बहुतेक वेळा ओठाकडे जातो. काहींच्या नशिबी तो तिसरी फांदी धरतो आणि थेट कॉर्नियावर येतो, म्हणजे बुबुळावरच्या त्या पारदर्शक काचेवर. त्यामुळे 'मी ओठाला हात लावून डोळ्याला लावलाच नव्हता' ह्या युक्तिवादाला फारसा अर्थ नाही. ओल्या फोडांना हात लावला तर तो धुवायचाच, लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्सला थुंकी लावायचा गलिच्छ प्रकार कधीच करायचा नाही, हे सगळं खरंच. पण पुष्कळदा विषाणू आतल्या रस्त्यानंच आलेला असतो. डोळ्याचा त्रास झालेल्या कित्येकांना आयुष्यात ओठावर फोड आल्याचं आठवतही नाही.

कॉर्नियावर तो काय करतो? वरच्या थरातल्या पेशी मारत एक बारीक जखम तयार करतो, आणि त्या जखमेचा आकार झाडाच्या फांदीसारखा असतो. खोड, फांद्या, फांद्यांच्या टोकाला बारीक गोंडे. डॉक्टर तिला डेंड्रायटिक अल्सर म्हणतात, कारण डेंड्रॉन म्हणजे झाड. ट्री स्ट्रक्चर शिकताना आपण कागदावर जे काढायचो तेच! नुसत्या डोळ्यांनी ती दिसत नाही. दिसतो तो फक्त लाल डोळा. पण फ्लुओरेसिन नावाच्या केशरी-पिवळ्या रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावली आणि निळा उजेड टाकला की तीच जखम हिरवीगार चमकते. एकदा दिसली की शंका उरत नाही.

लक्षणं अशी: डोळा लाल, पाणी येतंय, खुपतंय, उजेड सहन होत नाही, जरासं धुरकट दिसतंय. आणि महत्त्वाचं म्हणजे बहुतेक वेळा एकच डोळा. साथीत येतात ते डोळे साधारण दोन दिवसांत दुसऱ्यालाही धरतात, चिकट घाण येते, खाज सुटते, पण नजर शाबूत राहते. हे काही ब्रह्मवाक्य नाही, साथीतही कधी कधी एकच डोळा येतो. पण एकच डोळा, त्यात दुखणं, उजेडाचा त्रास आणि धुरकटपणा, ह्या चार गोष्टी एकत्र आल्या की तो 'डोळे आलेत'च्या डब्यात टाकायचा नाही. अजून एक फसवी गोष्ट म्हणजे हा विषाणू कॉर्नियाची संवेदनाच कमी करतो. त्यामुळे जखमेच्या मानानं दुखतं कमी. माणूस म्हणतो, एवढं काही नाही, बघू दोन दिवस.

आता डहाणू-तलासरीकडे या.

आमच्याकडची ओळख म्हणून लोकांना घोलवडचे चिकू, वारली चित्रं आणि बोर्डीचा समुद्र एवढंच माहीत असतं. एप्रिल २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत यायला लागली, त्यामुळे शनिवार-रविवारी मुंबईची मंडळीही दिसतात. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची वस्ती चार लाखांच्या आसपास, तलासरीची दीड लाखाच्या. दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात. पाण्याअभावी भात एकदाच होतं, दिवाळीनंतर पुष्कळ कुटुंबं वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामावर जातात, आणि तलासरीकडची पोरं रोज सीमा ओलांडून उमरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात. तिथे एक दिवस खाडा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली.

माझा एक शाळेपासूनचा मित्र असाच उमरगावच्या बाजूला एका कारखान्यात. पावसाळ्यात त्याचा उजवा डोळा लाल झाला. सुटी टाकली असती तर पगार कापला गेला असता, म्हणून संध्याकाळी घरी जाताना एका मेडिकलमध्ये थांबला. 'भाऊ, डोळा आलाय, काहीतरी द्या.' भाऊंनी थेंब दिले. चिठ्ठी मागितली नाही, ह्यानं दाखवली नाही. दोन दिवसांत लाली उतरली, दुखायचं थांबलं. भारी औषध आहे म्हणून शेजाऱ्यालाही सांगितलं त्यानं. आठव्या-नवव्या दिवशी त्या डोळ्यासमोर दुधाळ धुकं. मग वापीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. तिथे पट्टी लावून निळा उजेड टाकला तेव्हा झाडाची फांदी नव्हतीच, फांद्या एकमेकांत मिसळून अख्खा नकाशा झाला होता. बाटलीत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड होतं.

हे असंच का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. डोळा लाल होतो, सुजतो, दुखतो, तो बराचसा आपल्याच शरीराच्या प्रतिकारामुळे. स्टेरॉइड तो प्रतिकार दाबतं. लाली जाते, बरं वाटतं, आणि विषाणूला मैदान मोकळं मिळतं. अलर्ट बंद केला म्हणजे बग गेला, असं आपण प्रॉडक्शनमध्ये कधी म्हणतो का? इथे नेमकं तेच होतं, आणि त्या दोन दिवसांच्या आरामामुळे डॉक्टरकडे जायचं लांबतं. अँटिबायोटिकचा विषाणूवर काही परिणाम होत नाही, तो भाग वेगळाच.

मित्राचा डोळा वाचला, पण मधोमध डाग राहिला. डोळ्यात फूल पडणं म्हणतात ते हेच. रात्री समोरून गाडीचा दिवा आला की त्या डोळ्याला सगळं फुटतं, म्हणून रात्रपाळी बंद, मोटारसायकल बंद. तिशीही आली नाही अजून त्याची.

मेडिकलवाल्याला खलनायक करून हा लेख संपवणं सोपं होतं. पण खरं सांगू का, त्या माणसाजवळ एवढं भान असतं की समोरच्याला उद्या कामावर जायचंय आणि डॉक्टर लांब आहे. तो त्याच्या परीनं मदत करतो. आणि हे फक्त तलासरीत होतं असंही नाही. तुमच्या-माझ्या घरच्या फ्रिजच्या दारात बघा. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली थेंबांची बाटली सापडेल. ऑपरेशननंतर देतात त्या थेंबांत बहुतेक वेळा स्टेरॉइड असतंच, आणि आजीसाठी ते योग्यच होतं. पण वर्षभरानं नातवाचा डोळा लाल झाला की 'हे घाल, मला गुण आला होता' म्हणून तीच बाटली बाहेर येते. अंधेरीच्या फ्लॅटमध्ये आणि आमच्याकडच्या पाड्यावर, दोन्हीकडे हेच चालतं. फरक पुढे पडतो. अंधेरीवाल्याचा डोळा बिघडला तर रिक्षाच्या अंतरावर चार डोळ्यांचे दवाखाने आहेत.

आमच्याकडे अजून एक भानगड आहे. भातकापणी-झोडणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जातं, पात घासली जाते, बागेत फांदीचा फटका बसतो. अशा जखमेत बुरशी शिरली तर कॉर्नियावर बुरशीचा अल्सर होतो. आपल्या देशातल्या शेतीच्या भागांत तो काही दुर्मीळ नाही. त्यालाही स्टेरॉइड म्हणजे खतपाणीच. म्हणजे डहाणू-तलासरीत एकच डोळा लाल होऊन दुखायला लागला तर त्यामागे ज्या दोन गोष्टींची सगळ्यात जास्त भीती, त्या दोन्हींना ते थेंब घातकच. डोळ्यात पाल्याचा रस, मध किंवा गुलाबपाणी घालणं हाही तितकाच वाईट पर्याय.

स्टेरॉइडवर सरसकट बंदी घाला असं मात्र मी म्हणत नाही. हर्पीज कॉर्नियाच्या आतल्या थरात गेला, की तिथे विषाणूपेक्षा आपल्या प्रतिकारशक्तीनंच जास्त नासधूस होते. अशा वेळी विषाणूविरोधी औषधाच्या जोडीनं स्टेरॉइड दिलं तर फायदा होतो, हे अमेरिकेतल्या हर्पेटिक आय डिसीज स्टडीनं १९९४ मध्ये दाखवून दिलंय. एकच औषध एका टप्प्यावर डोळा वाचवतं, दुसऱ्या टप्प्यावर घालवतं. कुठला टप्पा आहे हे निळ्या उजेडाखाली बघितल्याशिवाय कळत नाही. माझं म्हणणं एवढंच की न बघता देऊ नका.

आता चांगली बातमी. ह्या दुखण्यावर औषध आहे, जुनं आहे आणि स्वस्त आहे. डोळ्याच्या हर्पीजवर विषाणूविरोधी थेंब चालतात हे हर्बर्ट कॉफमन ह्यांनी १९६२ मध्ये दाखवलं, त्याआधी विषाणूला औषध असतं ह्यावरच फारसा कोणाचा विश्वास नव्हता. पुढे अॅसायक्लोव्हिर आलं. त्यामागच्या गर्ट्रूड एलियन ह्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. ते औषध काम कसं करतं हे वाचून मी तर खूष झालो. गोळीतला रेणू नुसता पडून असतो. त्याला चालू करायची किल्ली विषाणूच्याच एका एन्झाइमकडे असते. त्यामुळे ज्या पेशीत विषाणू आहे तिथेच औषध जागं होतं आणि विषाणूची नक्कल काढायचं काम मधेच तोडतं. निरोगी पेशींना फारसा धक्का नाही. एवढं सुंदर डिझाइन आपल्या धंद्यात मी क्वचित बघितलंय.

मलम दिवसातून पाच वेळा किंवा तोंडावाटे गोळ्या, काय आणि किती ते डॉक्टर ठरवणार. वेळेवर सुरू झालं तर वरच्या थरातली जखम बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत मागमूस न ठेवता भरून येते. प्रश्न परत परत होण्याचा असतो, कारण झोपलेला पाहुणा तिथेच आहे, आणि दर खेपेला डाग वाढायची भीती. त्याच स्टडीनं १९९८ मध्ये ७०३ रुग्णांवरचा निकाल छापला. वर्षभर रोज दोनदा ४०० मिलिग्रॅम अॅसायक्लोव्हिर घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना त्रास परत झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना.

त्याच लोकांनी अजून एक मजेशीर गोष्ट तपासली. आपण सगळे म्हणतो ना, टेन्शन आलं की हे उफाळतं, डेडलाइन आली की होतं? त्यांनी रुग्णांना दर आठवड्याला नोंदी ठेवायला सांगितलं: ताण किती, ऊन किती, आजारपण काय. २००० साली निकाल आला तो असा की डोळ्याचा त्रास परत होण्याशी ताणाचा संबंध सापडला नाही. ज्यांनी त्रास सुरू झाल्यावर मागची नोंद भरली, त्यांनाच मागचा आठवडा ताणाचा होता असं 'आठवलं'. लॉग एक सांगतो आणि माणसाची आठवण दुसरंच, हे आपल्याला नवीन नाही. तेव्हा ज्याला हे दुखणं आहे त्याला 'तूच टेन्शन घेतोस म्हणून होतं' असं ऐकवणं बंद करू या.

मग एवढं सगळं माहीत असताना, औषध स्वस्त असताना, हा विषय कुठल्याच यादीत वर का नाही? मला वाटतं ह्याचं एक कारण मोजण्याच्या पद्धतीत आहे. २०१५ ते २०१९ मध्ये देशभर जी अंधत्वाची पाहणी झाली तीत पन्नाशीच्या पुढच्यांत मोतीबिंदू पहिला, ६६ टक्क्यांच्या आसपास, आणि कॉर्नियाचं फूल साधारण ७ टक्के. पण पन्नाशीच्या आतल्यांत पहिला नंबर कॉर्नियाच्या फुलाचाच, जवळजवळ ३७ टक्के. म्हणजे कमावत्या वयातल्यांचा आणि पोरांचा हा प्रश्न आहे. त्यात पुन्हा अंध कोणाला म्हणायचं, तर ज्याचा चांगला डोळासुद्धा ३/६० पेक्षा कमी बघतो त्याला. हर्पीज बहुधा एकच डोळा खातो. माझा मित्र ह्या आकड्यात कुठेच नाही. त्याचा डावा डोळा ठणठणीत आहे, म्हणून कागदावर त्याला काहीच झालेलं नाही. डॅशबोर्ड हिरवा आणि युजर बोंबलतोय, असली परिस्थिती.

कोणी म्हणेल, अरे बाबा, तिथे कुपोषण आहे, सर्पदंश आहे, नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के आहेत, त्यात तुझं हे लाल डोळ्याचं काय घेऊन बसलास? प्रश्न रास्त आहे. मोठं डोळ्यांचं इस्पितळ उभारा असं मी म्हटलं असतं तर हा आक्षेप मान्य करून गप्प बसलो असतो. पण मला हवंय ते फारच किरकोळ आहे.

एक, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फ्लुओरेसिनच्या पट्ट्या आणि निळ्या उजेडाची बॅटरी. पट्टीची किंमत काही रुपये. ही काही हवेतली कल्पना नाही. नेपाळमध्ये भक्तपूरला आणि नंतर तमिळनाडूत मदुराईच्या बाजूला गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून डोळ्याच्या साध्या जखमा वेळेत शोधण्याचे आणि तिथल्या तिथे मलम लावण्याचे प्रयोग झालेत आणि ते यशस्वी झालेत. आमच्या आशाताई आणि परिचारिका त्याहून अवघड कामं रोज करतात. पट्टी लावून हिरवं काही चमकलं तर पुढे पाठवायचं, एवढंच शिकायचंय.

दोन, पाठवायचं कुठे आणि कसं ते ठरलेलं असावं. डहाणू आणि कासा इथे उपजिल्हा रुग्णालयं आहेत, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे, आणि 'ई-संजीवनी'सारखी डॉक्टरला डॉक्टरशी जोडणारी सरकारी सोयही आहे. निळ्या उजेडात हिरवी चमकणारी जखम साध्या मोबाइलच्या कॅमेऱ्यातही टिपता येते. ठरावीक दिवशी ठरावीक वेळेत एक नेत्रतज्ज्ञ ते फोटो बघणार असेल, तर पाड्यावरच्या माणसाला मुंबईपर्यंतचे सव्वाशे किलोमीटर लोकलनं जाऊन 'काही नाही, डोळे आलेत' हे ऐकायची वेळ येणार नाही. आणि ज्याला खरंच जायला हवं, तो त्याच आठवड्यात जाईल. आपल्यासारख्यांनी शनिवार-रविवारी बसून जे काही फुकट लिहून द्यायचं असतं ना, ते हेच असलं काहीतरी.

तीन, बाटलीवर खूण. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा औषधांवर लाल रेघ असते, आणि २०१६ मध्ये सरकारनं तिची मोहीमही काढली होती. स्टेरॉइड असलेल्या डोळ्याच्या थेंबांवर त्याहून ठळक काहीतरी हवं. डोळ्याचं चित्र आणि त्यावर फुली, वाचता न येणाऱ्यालाही कळेल असं. आणि खाली मराठीत आणि गुजरातीत एक ओळ: 'डोळा तपासल्याशिवाय घालू नये'. कायद्यानं आजही चिठ्ठीशिवाय हे थेंब देता येत नाहीत. पण दुकानावर धाडी घालून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. पट्टी आणि बॅटरी जवळ नसेल तर लोक दुकानातच जाणार.

तोवर आपण आपल्यापुरतं काय करायचं ते सांगून थांबतो. घरातल्या उघडून महिना झालेल्या सगळ्या डोळ्याच्या बाटल्या आजच फेकून द्या. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल, डायफ्लुप्रेडनेट ह्यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे, डॉक्टरनं ह्याच डोळ्यासाठी आणि ह्याच वेळेसाठी दिलं असेल तरच घाला. ओठावर ओले फोड असताना तान्ह्या बाळाची पापी घेऊ नका, कोणी घेत असेल तर वाईटपणा घेऊन थांबवा. नवजात बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो. लेन्स वापरत असाल आणि डोळा दुखायला लागला तर आधी लेन्स काढा, चष्म्यावर या. एकच डोळा लाल, दुखरा आणि धुरकट असेल तर त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा, आणि पूर्वी कधी ओठावर किंवा डोळ्यात असं झालं होतं का ते आपणहून सांगा. त्यांनी पट्टी लावली नाही तर 'डॉक्टर, एकदा रंग टाकून बघाल का?' असं विचारायला अजिबात लाजू नका.

आणि तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनला, गावाकडच्या भावाला हे सांगा. लांबलचक लेख त्यांना पाठवू नका, कोणी वाचत नाही. एकच वाक्य पुरे: एकच डोळा लाल असेल आणि दुखत असेल, तर मेडिकलमधले थेंब घालायचे नाहीत, आधी दाखवायचं.